‘स्टेंट तर उघडे आहेत, मग मशीन कशाला?’

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझे यजमान ४८ वर्षांचे आहेत, माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. चार वर्षांपूर्वी ह्यांना मोठा हार्ट अटॅक आला होता, तेव्हा दोन स्टेंट बसवले. वर्षभर गोळ्या नीट घेतल्या, मग एकेक सुटत गेली. महिन्यापूर्वी सकाळी शाळेत परिपाठ चालू असताना हे मैदानावर एकदम कोसळले. पीटीच्या सरांनी लगेच छाती दाबायला घेतली. १०८ची गाडी आली, तिच्यातल्या डॉक्टरांनी दोन शॉक दिले तेव्हा ठोके परत आले. हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली. जुने दोन्ही स्टेंट उघडे आहेत, नवं ब्लॉकेज नाही. एकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलं. डॉक्टरांनी आयसीडी नावाचं मशीन बसवायला सांगितलं. हे म्हणाले, मला मशीन नको. मोठे दीर म्हणाले, स्टेंट तर उघडे आहेत, मग मशीन कशाला? शेवटी सही करून आम्ही ह्यांना घरी आणलं. ॲमिओडारोन आणि मेटोप्रोलॉल चालू आहे. कुणी तरी ब्लॉकेजचा काढा दिलाय, तोही घेतात. तंबाखू कमी केली, पण सुटलेली नाही. आता चालतात-फिरतात, सोमवारपासून स्कूटरवर शाळेत जायचं म्हणतात, सुट्टीला शेतावर जाऊन मोटर चालू करायचं म्हणतात. मी रात्री दर दोन तासांनी उठून ह्यांचा श्वास बघते. माझे सासरे पन्नाशीत झोपेतच गेले होते. मशीन खरंच लागतं का? पुन्हा असं होईल का? मी घरी काय करायचं?

– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचं उत्तर आधी देतो. हो, पुन्हा होऊ शकतं. ज्यांचं हृदय असं एकदा बंद पडून परत सुरू झालंय आणि ज्यांच्यात दुरुस्त करता येईल असं तात्पुरतं कारण सापडलेलं नाही, त्यांना हा धोका सगळ्यांत जास्त असतो. सर आज चालताहेत, जेवताहेत, यावरून उद्याबद्दल काहीही कळत नाही. परिपाठाला उभे राहिले त्या सकाळीही ते असेच धडधाकट होते.

म्हणून पहिलं सांगणं हे, की सोमवारी स्कूटर घराबाहेर काढू नका. तुम्ही दोघं कुणाची तरी गाडी करून त्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे परत जा. सही करून आलो, आता कुठल्या तोंडानं जायचं, हा संकोच अजिबात नको. असा रुग्ण परत आला की आम्हा डॉक्टरांना हायसंच वाटतं. त्याच डॉक्टरांकडे जायचं मन नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण या आठवड्यात घ्या. खरं तर अशा रुग्णाला आम्ही यंत्र बसवल्याशिवाय घरी सोडतच नाही, इतके हे दिवस जोखमीचे असतात.

आता तुमच्या दिरांचा प्रश्न. तो मला वावगा वाटत नाही. स्टेंट उघडे आहेत म्हणजे हृदय ठीक आहे, असं बहुतेकांना वाटतं, आणि आम्ही डॉक्टरही ते नीट उलगडून सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी सरांची रक्तवाहिनी बंद झाली तेव्हा तिच्यावर पोसला जाणारा हृदयाच्या स्नायूचा भाग मेला. स्टेंटनं वाहिनी उघडली, पुढचं नुकसान थांबलं, पण जेवढा स्नायू मेला होता तो परत जिवंत झाला नाही. त्या जागी कडक व्रण राहिला. पंपिंग ३० टक्क्यांवर आलं ते त्यामुळेच. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लहर असते आणि ती सगळ्या स्नायूतून सरळ पसरत जाते. व्रणातून ती जाऊ शकत नाही. त्याच्या कडेला जे थोडे जिवंत धागे उरलेत त्यांतून ती रखडत जाते, आणि ओढ्यात खडक आडवा आला की पाणी जसं त्याच्याभोवती भोवरा धरतं तशी ती व्रणाभोवती गोल फिरायला लागू शकते. मग ठोके मिनिटाला दोनशेच्या वर जातात. त्याला आम्ही व्हीटी म्हणतो. त्यातून पुढे सगळी लय मोडते, हृदय नुसतं थरथरतं, ते व्हीएफ. थरथरणारं हृदय रक्ताचा थेंबही पुढे ढकलत नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

सरांना परिपाठाच्या वेळी झालं ते हे. त्याला कार्डियाक अरेस्ट म्हणतात. हार्ट अटॅक त्याहून वेगळा, जरी एकातून दुसरं होऊ शकत असलं तरी. आणि म्हणूनच दिरांचा मुद्दा नेमका उलटा लागू पडतो. एखादी वाहिनी नव्यानं बंद झालेली सापडली असती, अटॅक ताजा असता आणि पहिल्या ४८ तासांत हृदय बंद पडलं असतं, तर आम्ही म्हटलं असतं की कारण सापडलं, वाहिनी उघडू, औषधं देऊ, काही आठवड्यांनी एको परत करू आणि मग यंत्राचं ठरवू. सरांकडे तसं काही सापडलं नाही. वाहिन्या मोकळ्या असताना हृदय बंद पडलं, म्हणजे कारण त्या व्रणात आहे, आणि व्रण उद्याही तिथंच असणार आहे.

कुणी म्हणेल, त्या दिवशी पोटॅशियम कमी आलं होतं, त्यानंच झालं असेल. डिस्चार्ज कार्डावर तसा आकडा असला तरी त्यावर विसंबू नका. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या माणसात, त्या धक्क्यानं आणि दिलेल्या इंजेक्शनांनी, पोटॅशियम नंतर उतरलेलं सापडणं नेहमीचं आहे. तो परिणाम असतो, त्याला कारण समजून यंत्र टाळलेले रुग्ण पुन्हा अडचणीत येतात.

आयसीडी म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीआड बसवतात आणि त्याची तार शिरेतून हृदयात सोडतात. छाती उघडावी लागत नाही, बहुतेकांना भूलही तेवढ्या जागेपुरतीच लागते, आणि दोन-तीन दिवसांत माणूस घरी येतो. ते प्रत्येक ठोका बघत असतं. व्हीटी सुरू झाली की आधी स्वतः भराभर बारीक ठोके देऊन ती मोडायचा प्रयत्न करतं, हे बऱ्याचदा रुग्णाला कळतसुद्धा नाही. त्यानं जमलं नाही किंवा व्हीएफ झालं, तर काही सेकंदांतच आतून शॉक देतं. पीटीच्या सरांनी आणि १०८नं मिळून जे केलं, ते काम रात्री दोन वाजता, शेतात, एसटीत, कुणी जवळ नसताना करणारी आज तरी ही एकच सोय आहे.

या यंत्रामागची गोष्ट तुमच्या यजमानांना जरूर सांगा. मिशेल मिरोव्स्की हे मूळचे पोलंडचे हृदयरोगतज्ज्ञ, तेव्हा इस्रायलमध्ये होते. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक हॅरी हेलर यांना व्हीटी पुन्हा पुन्हा येत राहिली आणि १९६६ मध्ये त्यातच ते गेले. असा माणूस कायमचा हॉस्पिटलात ठेवता येत नाही आणि घरी सोडला तर वाचवता येत नाही, या पेचातून मिरोव्स्कींना शरीरात बसवायच्या शॉकच्या यंत्राची कल्पना सुचली. पुढे ते अमेरिकेत बाल्टिमोरला गेले, बरीच वर्षं तज्ज्ञांचा विरोध सोसला, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये तिथल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाला यंत्र बसलं. त्या सुरुवातीच्या काळात अट अशी होती, की माणूस किमान दोनदा मरणाच्या दारातून परत आलेला असावा. आज एकदा पुरेसं धरतात, कारण दुसऱ्यांदा परत येणारे फार थोडे असतात.

नुसत्या गोळ्यांवर का नाही भागत? ही तुलना होऊन गेली आहे. १९९७ मध्ये एव्हिड नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. सरांसारख्याच, जीवघेण्या व्हीटी-व्हीएफमधून वाचलेल्या हजारावर रुग्णांपैकी निम्म्यांना आयसीडी बसवलं आणि निम्म्यांना ठोक्यांवरची औषधं दिली, बहुतेकांना ॲमिओडारोनच. तीन वर्षांनी यंत्र असलेल्यांत शंभरातले ७५ हयात होते, औषधवाल्यांत ६४. तेव्हापासून जगभर पहिली निवड यंत्र हीच आहे. ॲमिओडारोन चांगलं औषध आहे, व्हीटी-व्हीएफचे झटके कमी करतं, पण झटका आलाच तर ते काही करू शकत नाही.

याच आकड्यांत दुसरीही गोष्ट आहे. यंत्र बसवूनही शंभरातले २५ गेले. यंत्र झटका येऊ नये म्हणून काही करत नाही, आल्यावर थांबवतं. झटका येऊच नये, हृदय आणखी थकू नये, यासाठीचं काम गोळ्यांचं आहे, आणि सरांनी गोळ्या सोडल्या ही गोष्ट मला यंत्र नाकारण्याइतकीच काळजीची वाटते.

३० टक्के पंपिंगच्या माणसाला आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात. एक मेटोप्रोलॉलसारखं, जे त्यांना चालू आहे. दुसरं रामिप्रिल किंवा त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन. तिसरं स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. चौथं डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मुळात साखरेची गोळी, पण मधुमेह नसला तरी हृदयासाठी देतात. शिवाय स्टेंट आहेत म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. तुमच्या पत्रात यातलं मेटोप्रोलॉल हे एकच नाव आहे. बाकीची कागदावर असूनही घेतली जात नसतील किंवा लिहिलीच नसतील, तर सोमवारी हे आवर्जून विचारा. बीपी आणि किडनी बघून ती हळूहळू वाढवतात. यांतल्या बऱ्याच गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात, खर्चामुळे सुटल्या असतील तर तसं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावंच लागतं. ॲमिओडारोन चालू असेपर्यंत दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरची रक्ततपासणी हवी, आणि नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच कळवायचं, कारण ते फुप्फुसाला इजा करू शकतं.

इथं कुणी सुचवेल, की आधी तीन महिने गोळ्या घेऊ, पंपिंग वाढलं तर यंत्र टळेल. ज्यांना अरेस्ट कधीच झालेला नाही, नुसतं पंपिंग ३५च्या खाली आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला बरोबर आहे. त्यांना आम्हीही तीन महिने थांबवतो. सरांना तो लागू नाही. त्यांना एकदा होऊन गेलेलं आहे.

काढ्याबद्दल. त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसेल तर तो आजच बंद करा. अनेक काढ्यांत ज्येष्ठमध असतं. ते नियमित पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं, आणि व्रण असलेल्या हृदयात उतरलेलं पोटॅशियम झटक्याला आमंत्रण देतं. सरांचं पोटॅशियम ४ ते ५च्या दरम्यान राहायला हवं. म्हणून जुलाब-उलट्या लागल्या, कडक निर्जळी उपवास घडला किंवा लघवीच्या गोळीचा डोस वाढला, तर तपासून घ्या. आणि गावातल्या दवाखान्यात सर्दी-तापासाठी जाल तेव्हा आधी सांगा की ॲमिओडारोन चालू आहे. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, उलटीचं ऑनडानसेट्रॉन, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये जोडून येणारं डोमपेरिडोन, ही सगळी रोजच्या वापरातली औषधं ॲमिओडारोनबरोबर घेतली तर ठोक्यांची लय बिघडवू शकतात. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन टाळा, पॅरासिटॅमॉल चालतं. ही नावं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. तंबाखू कमी करून चालणार नाही, ती बंदच हवी. निकोटिन ठोके आणि बीपी वाढवतं. एकट्याच्या जिद्दीवर सुटत नसेल तर त्यालाही औषधं आहेत, त्याच डॉक्टरांना विचारा.

आता ‘मला मशीन नको’बद्दल. सही सरांची असणार, निर्णय त्यांचाच. तुम्ही किंवा मी तो त्यांच्यावर लादू शकत नाही. पण नकोमागे काय आहे, हे त्यांना कुणी विचारलंय का? आजवर ज्यांनी मला नको म्हटलं, त्यांच्या मनात बहुतेक वेळा चारांपैकी एक भीती होती: आता आपण कामातून गेलो, शॉकचं दुखणं, पैसा, आणि ही चौथी क्वचितच कुणी बोलून दाखवतं, की यंत्र आपल्याला सुखानं मरू देणार नाही.

पहिलीसाठी एक उदाहरण द्या. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेचा डेन्मार्क-फिनलंड सामना चालू असताना डेन्मार्कचा खेळाडू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर असाच कोसळला. तिथंच छाती दाबली, शॉक दिला, तो शुद्धीवर आला, आणि काही दिवसांत त्याला आयसीडी बसलं. इटलीच्या नियमांत यंत्र घेऊन खेळता येत नाही म्हणून त्याला तिथला इंटर मिलान क्लब सोडावा लागला. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये पुन्हा मैदानात उतरला आणि २०२४च्या युरोमध्ये त्यानं डेन्मार्कसाठी गोलही केला. सरांचं हृदय एरिक्सनसारखं नाही, ३० टक्क्यांच्या हृदयानं फुटबॉल खेळायचा नाही. पण वर्गात उभं राहून गणित शिकवायला यंत्राची काहीही आडकाठी नसते. यंत्र डाव्या बाजूला, खडू उजव्या हातात. पहिले चार ते सहा आठवडे डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, एवढंच. हात अगदी बांधून मात्र ठेवू नका, खांदा आखडतो. निवडणुकीच्या ड्युटीसारखी रात्रंदिवसाची दगदग टाळायला डॉक्टर दाखला देतील.

शॉकबद्दल खोटं सांगणार नाही. शुद्धीत असताना बसला तर छातीत जोराचा दणका बसतो, माणूस हादरतो, आणि काहींच्या मनात त्याची धास्ती राहते. कधी कधी यंत्र चुकीचं ओळखून नाहक शॉकही देतं. यंत्राची सेटिंग आता पूर्वीपेक्षा जास्त थांबून, खात्री करून शॉक देणारी ठेवतात, त्यामुळे असे शॉक बरेच कमी झालेत. शॉक वारंवार येत असतील तर औषधं वाढवता येतात, व्रणाभोवतीचा विजेचा मार्ग कॅथेटरनं, म्हणजे शिरेतून घातलेल्या बारीक नळीनं, जाळता येतो. थोड्या रुग्णांत यंत्राच्या जागी जंतुसंसर्ग होतो. ती जागा लाल झाली, सुजली किंवा ताप आला तर बसवलेल्या डॉक्टरांकडेच जा. जवळच्या कुणी ‘पाणी झालंय, सुईनं काढू’ म्हटलं तर काढू देऊ नका, सुईनंच आत जंतू जातात. बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं चालते, मग फक्त डबी बदलतात.

पैसा हा खरा अडसर आहे, यंत्राचा खर्च काही लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड, आधार, एको आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याला नेमकं विचारा, की या हॉस्पिटलात हे यंत्र योजनेत बसतं का, आणि नसेल तर कुठे बसतं. सर अनुदानित शाळेत असतील तर वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं मुख्याध्यापकांना विचारा. दिरांना यंत्राची गरज पटत नाही ना, मग त्यांनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांना हे विचारू द्या: साधं एका तारेचं यंत्र पुरेल की ईसीजीतली ठोक्याची लाट रुंद असल्यानं पंपिंग सुधारणारं तीन तारांचं हवं? दोन्हींच्या किमतीत बराच फरक आहे, आणि ज्याला गरज नाही त्याला महागडं बसवू नये.

चौथ्या भीतीचं उत्तर सोपं आहे. पुढे कधी दुसऱ्या आजारानं माणूस शेवटाला आला आणि त्याला शॉक नको असतील, तर शॉकचा भाग बाहेरूनच, कापाकापी न करता बंद करता येतो. हे सरांना आधी सांगा. त्यानंच मन वळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता तुमच्याबद्दल, ताई. रात्री दर दोन तासांनी उठून श्वास बघणं थांबवा. ज्या प्रेमापोटी तुम्ही हे करताय ते मला कळतं, पण दोन तासांच्या अंतरात या आजाराला दोन मिनिटं पुरतात. तुम्ही मात्र महिन्याभरात आजारी पडाल. त्याऐवजी छाती दाबायला शिका. घरातल्या प्रत्येकानं शिका, मुलं दहावी-बारावीची असतील तर त्यांनीही. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, की लगेच सुरुवात करा. अधूनमधून आचके देत असला, तरी तो श्वास समजू नका. एकानं १०८ला फोन करून फोन स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्यानं त्याला कडक जमिनीवर पाठीवर घेऊन छातीच्या मधोमध एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपरं ताठ ठेवून, दोन इंच खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडानं श्वास द्यायची गरज नाही, आपल्याकडच्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य माणसासाठी नुसतं दाबणंच शिकवायचं ठरवलंय. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शॉक मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि दाबत राहिलं तर ती घट मंदावते. पीटीच्या सरांनी हेच केलं, म्हणून आज मला तुमचं हे पत्र वाचायला मिळालं. त्यांना सांगा, सगळ्या शिक्षकांना आणि वरच्या वर्गांना एक दिवस शिकवा.

यंत्र बसल्यावर ते शॉक देत असताना त्यांना हात लागला तर तुम्हाला काही होत नाही, फार तर मुंग्या आल्यासारखं वाटेल. म्हणून जवळ झोपायला, जवळ जायला घाबरू नका. दोन जिने धाप न लागता चढता आले की पती-पत्नीच्या संबंधांनाही हरकत नसते. हे कुणी विचारत नाही आणि मग घरं उगाच गप्प होतात. एक शॉक बसला आणि त्यानंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. दिवसात दोन किंवा जास्त बसले, किंवा एकाच शॉकबरोबर छातीत दुखणं, चक्कर, धाप असेल, तर सरळ १०८. शॉक बसूनही शुद्ध येत नसेल, तर यंत्र आहे म्हणून थांबू नका, दाबायला सुरुवात करा.

स्कूटर यंत्र बसल्यावरही लगेच नाही. अशा प्रसंगानंतर डॉक्टर तीन ते सहा महिने गाडी चालवू देत नाहीत, ब्रिटनमध्ये तर नियमच सहा महिन्यांचा आहे. मध्येच शॉक बसून शुद्ध गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शाळेतला कुणी सहकारी नेऊन-आणून करेल.

शेतावरच्या मोटरचं तुम्ही सहज लिहिलंत, पण ते महत्त्वाचं आहे. अर्थिंग नीट नसलेल्या मोटरच्या पाइपातून, पाण्यातून, स्टार्टरच्या पेटीतून जो थोडा करंट येतो, जो आपण ‘जरा झिणझिणतं’ म्हणून सोडून देतो, तो यंत्राला हृदयाचाच बेताल ठोका वाटू शकतो आणि ते शॉक देतं. विहिरीवरचं आणि घरातलं, गिझर-वॉशिंग मशीनसकट, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि मोटर शक्यतो दुसऱ्यानं चालू करावी. वेल्डिंगच्या जवळ जायचं नाही. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. मोबाइल डाव्या खिशात नको, उजव्या कानाला लावावा, आणि मागे चुंबक असलेले नवे फोन यंत्रापासून वीतभर तरी दूर. देवळाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरमधून न थांबता चालत जावं. मिक्सर, टीव्ही, फ्रिज यांचं काही भय नाही. यंत्राचं कार्ड कायम पाकिटात. एमआरआय सांगितला तर ते आधी दाखवायचं.

राहिले तुमचे दीर. सासरे पन्नाशीत झोपेतच गेले, धाकट्या भावाला ४४व्या वर्षी अटॅक आला, म्हणजे लहान वयात हृदयविकार या घरात दोन पिढ्यांत आहे. दीर स्वतः आता पन्नाशीच्या आसपास असतील. सोमवारी ते बरोबर येतीलच, तर त्याच फेरीत त्यांचं बीपी, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि एको करून घ्या. तेही तंबाखू खात असतील तर दोघा भावांनी ती एकाच दिवशी सोडावी. तुमची मुलं अठरा-वीसची झाली की त्यांचंही कोलेस्टेरॉल एकदा बघा. जाताना चार वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टीची फाइल, आताचा एको, १०८च्या किंवा हॉस्पिटलच्या मॉनिटरची पट्टी मिळाली असेल तर तीही, आणि घरात असलेल्या सगळ्या गोळ्या, काढ्याच्या बाटलीसकट, एका पिशवीत घालून न्या.